सभ्य माणसं भूतकाळात बोलतात

चहा आधी थोडा निवू द्या. मी जे सांगणार आहे ते ऐकताना घोट तोंडात असला, तर तो नाकातून बाहेर येतो. माझ्या जावेचा आला होता, आणि साडी माझी खराब झाली!

तर मंडळी, एका शनिवारी संध्याकाळी मी माझ्या नवऱ्याला मारलं. आणि रविवारी सकाळी दुसरं लग्न करून मोकळी झाले. तेही पोहे वाढता वाढता!

हसू नका. पोलीसबिलीस काही आले नाहीत. हत्यार एकच होतं. इंग्रजी.

आम्ही मूळचे अमरावतीकडचे, पण तीन पिढ्यांपासून रायपूरचे. घर बूढ़ापाऱ्यात, बूढ़ा तालाबापासून हाकेच्या अंतरावर. मी सरकारी ऑफिसात. तिथलं सगळं कामकाज हिंदीतून. घरात मराठी, भाजीवालीशी छत्तीसगढ़ी. इंग्रजीशी माझं नातं मॅट्रिकच्या पेपरासोबत संपलं होतं, आणि दोघींनाही त्याचं दुःख नव्हतं.

आमचे हे रेल्वेतून रिटायर झाले. त्यांच्याजवळ इंग्रजीची दोनच वाक्यं. "यस सर" आणि "थँक्यू सर". एवढ्यावर माणसानं पूर्ण नोकरी काढली, बोला! वर दोनदा प्रमोशन घेतलं.

आता आमची केतकी. हैदराबादला नोकरीला आहे. तिथे तिनं आपल्यासाठी एक पोट्टा पाहून ठेवला. अरुण. केरळचा, त्रिशूरचा. पोट्टा सोन्यासारखा, आमची काही ना नव्हती. प्रश्न होता त्याच्या आईवडिलांचा. वडील बालकृष्णन, बँकेतून निवृत्त. आई सुमतीबाई. दोघांना हिंदी येत नाही, आम्हाला मल्याळम येत नाही. मधे उरली ती सवत, इंग्रजी.

आणि सुमतीबाईंचं मन अजून पुरतं वळलेलं नव्हतं. इतक्या लांबची मुलगी, कोण लोक, कसं घर? आईचंच काळीज ते, मला समजत होतं. त्यांच्या नात्यातलं एक लग्न भिलाईला निघालं, तेव्हा ठरलं की तिथून रविवारी सकाळी त्यांनी रायपूरला आमच्याकडे यायचं. केतकी आणि अरुण त्याच सकाळच्या विमानानं येणार. आणि त्याआधी, शनिवारी संध्याकाळी, सुमतीबाई मला फोन करणार. आई-आईचं बोलणं व्हावं म्हणून.

म्हणजे सगळं माझ्या जिभेवर अवलंबून!

शुक्रवारी केतकीनं फोनवर माझी शिकवणी घेतली. आमची पोट्टी मराठी सगळं समजते, पण उत्तर हिंदीतच देते.

"आई, 'आय वॉन्ट टु आस्क' मत बोलना. रूड लगता है. 'आय वॉन्टेड टु आस्क' बोलना."

"काहून? मले आत्ता विचारायचं आहे ना? काल थोडीच विचारायचं होतं?"

"अरे, वो पोलाइट होता है. 'आय होप' नहीं, 'आय वॉज होपिंग'. 'कॅन यू' नहीं, 'कुड यू'. अंग्रेज़ी में ऐसा ही है, आई. दिमाग़ मत लगाओ."

आता तुम्हीच सांगा, दिमाग न लावता आजवर कोणत्या बाईनं संसार केला? मी लावलाच. रात्री भांडी आवरताना माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आपण मराठीत 'तू'चं 'तुम्ही' केलं की समोरच्याला मान मिळतो. तसं इंग्रजीत 'इज'चं 'वॉज' केलं की मान! वर्तमानकाळ म्हणजे उद्धटपणा. सभ्य माणसं भूतकाळात बोलतात. इतकी साधी गोष्ट, आणि आम्हाला शाळेत कोणी सांगितली नाही!

मी ठरवून टाकलं. माझ्या मुलीच्या सासरच्यांसमोर एकसुद्धा 'इज' काढायचा नाही.

शनिवारी संध्याकाळी फोन वाजला. हे सोफ्यावर पेपर वाचत होते. स्क्रीनवर नाव पाहिलं, आणि काय सांगू, माणूस चप्पल घालून दाराबाहेर! "मी जरा तालाबची चक्कर मारून येतो," एवढंच फाटकातून ऐकू आलं.

मी पदर सावरला. फोनवर कोण पाहतं? पण सावरला.

सुमतीबाईंचा आवाज फार गोड. तब्येत, हवापाणी, भिलाईचं लग्न, सगळं झालं. मी प्रत्येक ठिकाणी न चुकता 'वॉज' लावत होते. मग त्यांनी विचारलं, "अँड केतकीज फादर?"

"केतकीज फादर वॉज अ व्हेरी गुड मॅन," मी म्हटलं.



"वॉज?"

"येस, वॉज!" मी ठणकावून सांगितलं. नवऱ्याचा मान कमी का करायचा? "ही वॉज इन रेल्वे. ही वॉज व्हेरी क्वाएट. ही लव्ह्ड फिश." मासे मी मुद्दाम घातले. केरळची माणसं ना!

"ओह," त्या म्हणाल्या. "आय अ‍ॅम सो सॉरी. अरुण नेव्हर टोल्ड अस."

मला वाटलं, किती संस्कारी बाई! नवऱ्याची चौकशी केली म्हणून माफी मागून राहिली! मी म्हटलं, "नो सॉरी, नो सॉरी! वुई वेअर व्हेरी हॅपी."

मग त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं, "डिड ही सफर?"

आता हा प्रश्न मला एका झटक्यात समजला. सफर! रेल्वेचा माणूस म्हटल्यावर विचारणारच ना!

"येस, येस! एव्हरी डे! रायपूर टु बिलासपूर, बिलासपूर टु रायपूर! ही सफर्ड व्हेरी मच. सम टाइम होल फॅमिली सफर्ड. फ्री पास!"

"होल फॅमिली..." बाई पुटपुटल्या. "अँड हाऊ डिड ही गो?"

हे कसे गेले? कुठे गेले ते तर मला माहीत होतं, आत्ताच फाटकातून ओरडून गेले होते. "ही वेंट टु द लेक," मी म्हटलं.

"लेक?"

"येस. नियर अवर हाउस. व्हेरी ब्यूटिफुल लेक."

"माय गॉड," बाई म्हणाल्या.

मला बरं वाटलं. आपल्या बूढ़ा तालाबाचं कोणी इतकं कौतुक करत नाही हो!

शेवटी त्या म्हणाल्या, "यू आर अ ब्रेव्ह वुमन. यू आर नॉट अलोन. वुई आर कमिंग टुमारो." आणि फोन ठेवताना त्यांना नीट बोलवतही नव्हतं. माझं इंग्रजी ऐकून बाई सद्गदित झाल्या, असाच मी त्याचा अर्थ काढला.

हे चक्कर मारून आले. "काय झालं वो? काय म्हणे?"

"एकदम खूश!" मी म्हटलं. "तुमचं तर इतकं चांगलं सांगितलं, बाई रडायच्या बेतात आली."

"मग झालं तर," म्हणून यांनी पेपर पुन्हा उघडला.

तिकडे सुमतीबाईंनी अरुणला मेसेज टाकला की केतकीच्या वडिलांचं तू आम्हाला का सांगितलं नाहीस? अरुणला वाटलं, वडिलांना इंग्रजी येत नाही त्याबद्दल बोलून राहिली. त्यानं उत्तर दिलं, लहानशी गोष्ट आहे, केतकीसमोर अजिबात काढू नका, तिला वाईट वाटेल. हे सगळं अर्थात मला मागून कळलं. तेव्हा कळलं असतं, तर आज तुमच्या पुढ्यात हा चहा निवत बसला नसता.

रविवारी सकाळी मी काय नटले होते म्हणता! मोरपंखी रेशमी साडी, हातभर हिरव्या बांगड्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, केसात गजरा. टॅक्सी थांबली. दोघं उतरली, अगदी साधे पांढरे कपडे. केरळात असंच घालतात, मला माहीत होतं. सुमतीबाईंनी मला दारातच मिठी मारली. सोडेचनात! पाठीवर हात फिरवत राहिल्या. मग जरा दूर होऊन त्यांनी माझं कुंकू पाहिलं, बांगड्या पाहिल्या, गजरा पाहिला. त्यांच्या चेहऱ्यावर एक विचित्र भाव आला. मला वाटलं, साडीचा रंग आवडला.

दोघांना बसवलं. पोहे केले होते आपल्या नागपुरी पद्धतीचे, सोबत चण्याची तर्री. एकदा वाढून झालं, आणि मी पोह्याचं भांडं घेऊन पुन्हा बाहेर आले तेवढ्यात मागच्या दारानं हे आले. हातात गरम जिलेबीचा पुडा.

दोघंही पाहुणे यांच्याकडे पाहत राहिले.

"अँड दिस जंटलमन?" बालकृष्णनांनी विचारलं.

"माय हजबंड," मी म्हटलं. आणि लगेच जीभ चावली. अरे, मान द्यायचा राहिला! "सॉरी, सॉरी. ही वॉज माय हजबंड."

बालकृष्णनांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. "वॉज? बट ही इज हिअर."

"येस, येस. ही वॉज हिअर ओन्ली."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मल्याळममध्ये कुजबुज झाली. मी आपली पोहे वाढत होते. बालकृष्णनांची प्लेट रिकामी झालेली, माझ्या हातात चमचा. सुमतीबाईंनी यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि फार नाजूकपणे विचारलं, "सो... सेकंड?"

पोह्यांचं विचारून राहिल्या ना! अजून कशाचं विचारणार?

"ऑफ कोर्स सेकंड!" मी भांडं पुढे केलं. "वन वॉज नॉट इनफ! इन अवर हाउस एव्हरीबडी टुक सेकंड. माय सिस्टर-इन-लॉ टुक थर्ड!"

सुमतीबाईंनी डोळे मिटून घेतले.

पण बालकृष्णन हा मोठ्या मनाचा माणूस. ते उठले, यांच्याजवळ गेले आणि यांचा हात दोन्ही हातांत धरला. "सर, यू आर अ ग्रेट मॅन. इट इज नॉट ईझी."

"यस सर," हे म्हणाले.

"टु अ‍ॅक्सेप्ट अनदर मॅन्स डॉटर. अ‍ॅज युअर ओन."

"थँक्यू सर, थँक्यू."

मग हे माझ्याजवळ सरकून हळूच म्हणाले, "काहून वो, हा माणूस मले शाबासकी काहून देऊन राहिला?"

"चांगले लोक आहेत," मी म्हटलं. "तुम्ही फक्त हसा."

हे हसले. जिलेबी वाटत फिरले. पाहुण्यांच्या दृष्टीनं, जुना नवरा तळ्यात जाऊन किती दिवस झाले कोण जाणे, आणि नवा जिलेबी वाटून राहिला!

तेवढ्यात केतकी आणि अरुण आले. केतकी बॅग दारात टाकून "पापा!" म्हणून यांच्या गळ्यात पडली. ते पाहून सुमतीबाईंच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. त्यांनी केतकीला जवळ ओढलं, तिच्या केसांवरून हात फिरवला.

"शी कॉल्स हिम पापा," त्या नवऱ्याला म्हणाल्या. मग केतकीला म्हणाल्या, "गुड गर्ल. डोंट फरगेट युअर रिअल फादर. बट लव्ह दिस वन आल्सो."

केतकीनं आधी अरुणकडे पाहिलं. मग पापांकडे. मग म्हणाली, "आंटी, रिअल फादर? दिस इज माय रिअल फादर."

"द वन हू... वेंट टु द लेक?"

"येस, आंटी, ही गोज टु द लेक एव्हरी डे. फॉर वॉकिंग."

अरुणनं आईला मल्याळममध्ये काहीतरी विचारलं. आईनं सांगितलं. सांगता सांगता तिचा हात तोंडावर गेला. अरुणनं केतकीला सांगितलं. केतकी हळूहळू माझ्याकडे वळली.

"आई. तुमने आंटी को क्या बोला कल?"

"तूच तर सांगितलं होतं!" मी म्हटलं. "भूतकाळात बोल म्हणून! पोलाइट होतं म्हणून!"

"आई, तुमने पापा को मार डाला!"

खोटं नाही सांगत. पोह्याचं भांडं हातात, गजरा सुटून कानावर लोंबलेला, आणि डोक्यात एकच विचार. गेलं! लेकीचं लग्न गेलं! असल्या वेड्या घरात कोण आपला मुलगा देईल? मला सुमतीबाईंकडे पाहायची हिंमत होईना.

यांना मात्र अजून काही समजलं नव्हतं. केतकीनं त्यांना हिंदीत सगळं सांगितलं. हे शांतपणे ऐकत राहिले. मग माझ्याकडे वळले.

"म्हणजे मी काल मेलो?"

"हव," मी म्हटलं.

"तळ्यात?"

"हव."

"मग आत्ता इथे उभा आहो, हा कोण?"

"दुसरा."

यांनी जिलेबीचा पुडा टेबलावर ठेवला. "अवं, काल सायंकाळी मेलो अन् आज सकाळी दुसरा? तेरवी तरी होऊ द्यायची होती!"

अरुणला मराठी येत नाही, पण केतकीनं हसता हसता त्याला सांगितलं, त्यानं बाबांना सांगितलं, आणि बालकृष्णन असे हसले, असे हसले, की यांनाच त्यांची पाठ थोपटून पाणी द्यावं लागलं. मेलेल्या माणसानं जिवंत माणसाला पाणी पाजलं!

सुमतीबाई हसल्या नाहीत. त्या उठून माझ्याजवळ आल्या. माझ्या हातातलं भांडं काढून घेतलं, माझा गजरा नीट केला आणि म्हणाल्या, "लास्ट नाइट आय लिट अ लॅम्प फॉर हिम. आय क्राइड फॉर यू."

न पाहिलेल्या माणसासाठी देवाजवळ दिवा लावणारी बाई! माझी पोट्टी चांगल्या घरी चालली, हे मला तेव्हा समजलं. मग रडले मीच. त्यानंतर मात्र त्या हसल्या, आणि दोघी अशा हसलो की शेजारची बाई खिडकीत येऊन पाहून गेली.

लग्न ठरलं. जेवणाआधी हे म्हणाले, "चला, मी कुठे बुडलो ते दाखवून आणतो," आणि अरुण, केतकी, बालकृष्णन, सगळे यांच्यासोबत तालाबाकडे निघाले. घरात राहिलो आम्ही दोघी.

मी कानाला खडा लावला होता. आता भूतकाळ नको म्हणजे नको! एकसुद्धा 'वॉज' नाही. जे काय बोलायचं ते वर्तमानकाळात. त्यात कोणी मरत तर नाही!

सुमतीबाई स्वयंपाकघरात आल्या. मी बेसनाचे गोळे घालून गोळाभात केला होता. त्यांनी एक गोळा चाखला आणि डोळे मोठे केले. "हू टॉट यू?"

"माय मदर-इन-लॉ," मी म्हटलं. आणि सांभाळून, एकेक शब्द तोलून पुढे गेले. "शी इज व्हेरी स्ट्रिक्ट. शी इज नॉट लाइकिंग माय कुकिंग."

"ओह! वेअर इज शी?"

आता सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली. मी हात जोडून वर पाहिलं. "शी इज अप."

सुमतीबाईंनीही वर पाहिलं. मग बाजूच्या जिन्याकडे पाहिलं. "अलोन?"

"नो, नो. फादर-इन-लॉ इज आल्सो अप. ही इज गोइंग फर्स्ट."

"अँड शी नेव्हर कम्स डाउन?"

"नेव्हर!"

"पुअर थिंग. नी पेन?"

"नो. हार्ट."

बाईंनी लगेच पदर खोचला. "देन आय मस्ट गो अप अँड मीट हर."

"नो, नो!" मी घाबरून त्यांचा हातच धरला. "व्हाय हरी? यू आर यंग!"

त्या थांबल्या, पण त्यांच्या मनाला काही पटेना. बाहेर जाऊन त्यांनी आपली बॅग उघडली आणि जरीकाठाची एक पांढरी साडी काढून माझ्या हातावर ठेवली. "फॉर हर. प्लीज टेक इट अप." मग जिन्याच्या पायरीशी उभ्या राहून, हात जोडून त्यांनी हाक मारली, "अम्मा! वुई आर कमिंग फॉर द वेडिंग! ब्लेस द चिल्ड्रन!"

आणि नेमकं त्याच क्षणी गच्चीवर कुठल्या तरी मांजरानं वाळत घातलेल्या बड्यांचं, म्हणजे सांडग्यांचं, ताट धाडकन पाडलं.

"शी हर्ड!" सुमतीबाईंचा चेहरा फुलून गेला.

आता तुम्ही म्हणाल, तेव्हाच सांगून टाकायचं होतं. कसं सांगू? सकाळीच एक मेलेला नवरा जिवंत केला होता. दुपारी जिवंत सासू परत मारू? एका दिवसात एका विहीणबाईनं किती सहन करावं? मी म्हटलं, "थँक्यू," आणि साडी कपाटात ठेवली.

संध्याकाळी यांना सांगितलं तेव्हा यांनी कपाळावर हात मारून घेतला. मग म्हणाले, "मले एका फोनवर मारलं अन् माझ्या आईले अमर करून टाकलं!"

आता दर रविवारी सुमतीबाईंचा फोन येतो. पहिला प्रश्न, "हाऊ इज अम्मा?" मी म्हणते, "फाइन." त्या विचारतात, "स्टिल नॉट लाइकिंग युअर कुकिंग?" मी म्हणते, "नॉट लाइकिंग." लग्न तोंडावर आलं आहे, आणि सासूबाईंसाठी त्यांनी मांडवात पहिल्या रांगेत खुर्ची ठेवायला सांगितली आहे. मऊ गादीची!

जिच्या हाताखालून सुटायला मला अर्धं आयुष्य लागलं, तिला मी एका 'इज'वर परत घरात आणून बसवलं!